एक सूत

जिन्याखाली चार बाय सहाची जागा,
वर मीटरचा डबा, खाली माझा बाक.
सातपूरच्या टूलरूममधून एकतीस वर्षांनी निघालो
तेव्हा शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
आणि भंगाराच्या भावात मी मागून घेतलेला हा वाईस.
घड्याळ कधीच बंद पडलं.
वाईस अजून धरतो.

केतकी नऊ वर्षांची.
डिसेंबरात म्हणाली, आबा,
यंदा बाजारातली आसारी नको, आपण करू.
म्हटलं, तू कर, मी नुसता बघतो.
आतल्या खोलीतून बायको हसली.
मी नुसता बघत नाही हे तिला ठाऊक.

तुटक्या पाटाची सागवानी फळी, तिच्या दोन चकत्या,
बांबूच्या सहा कामट्या, मधून एक सळई,
एवढीच तर वस्तू.
गुण्या हातात दिला तर पोरीने आधी
स्वतःच्या कोपराला लावून पाहिला.
कानस शिकवली: जाताना दाब, येताना उचल,
येताना घासलीस तर दात जातात तिचे.
तिने दोन दिवस घासलं.
भुसा वेणीत, भुसा वरणात,
भुसा गणिताच्या वहीत, भागाकाराच्या घरात.

मी मापं सुतात सांगतो.
तिच्या टेपवर मिलिमीटर.
सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हटलं.
मग दोरा म्हणजे?
तेही सूत.
आणि आजी म्हणते ते, कोणाचं कोणाशी जुळत नाही, ते?
तेही.
एकच शब्द किती पुरवून वापरता तुम्ही लोक,
म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करत बसली.

मग ड्रिल.
हातात जड, आवाजाला घाबरलेली,
तरी मी तिच्या हातावर हात ठेवला नाही.
बिट घसरलं.
सळईचं भोक मध्यापासून एक सूत डावीकडे.
तिने वर पाहिलं.

तुषार अकरा वर्षांचा होता.
ॲल्युमिनियमची पट्टी, असंच भोक, इतकंच बाहेर.
मी ओरडलो नव्हतो, हे खरं.
पट्टी घेतली, त्याच्या मित्रासमोर
भंगाराच्या डब्यात टाकली,
आणि नवी कापायला घेतली, स्वतः.
त्यानंतर तो जिन्याखाली आला नाही.
उंबऱ्यापर्यंत यायचा. उभा राहायचा.
बाबा, जेवायला चला.
मला वाटायचं निरोप द्यायलाच आलाय.

केतकी अजून वर बघत होती.
राहू दे, म्हटलं. फिरेल.
डुगडुगेल की?
डुगडुगेल. पण फिरेल.
सगळ्या आयुष्यात हे वाक्य
मी कोणत्याच जॉबबद्दल बोललो नव्हतो.
टूलरूममधला आमचा देवरे ऐकता
तर हातातला चहा सांडता.

संक्रांतीला गच्चीवर बोचरी थंडी.
पांडवलेण्यांच्या डोंगराकडून वारा चांगला लागलेला,
पवननगरच्या सगळ्या टाक्यांवर पोरं चढलेली,
कुठून तरी वकाट, वकाट, आणि थाळ्यांचा दणका.
पुण्याहून रात्रीच आलेला तुषार,
कानाला फोन, कुणाला तरी
सोमवारी देतो, सोमवारी, म्हणत होता.
पप्पा, आसारी धरा ना!
केतकीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही,
पतंग ढील मागत होता.

त्याने फोन खिशात टाकला.
सळईची दोन्ही टोकं तळव्यांत घेतली.
आसारी फिरायला लागली,
फिरताना दर फेऱ्याला एक बारीक धक्का,
खट्, खट्,
लंगडत पण भरभर चालणाऱ्या माणसासारखी.
दोरा चालला होता वर.

तुषारने मान तिरकी केली. ऐकलं.
डोळे पतंगावरच ठेवून म्हणाला,
एक सूत बाहेर आहे.

मी काही बोललो नाही.
हलव्याची पुडी सोडत बसलो,
थंडीने बोटं ऐकत नव्हती.
हा शब्द मी त्याला कधी शिकवला नव्हता.
उंबऱ्यातून ऐकू जात असणार.

मार्चमध्ये बाकाची उंची कमी करायची म्हणतो.
केतकीला पाटावर उभं राहावं लागतं,
आणि पाट आता एकच उरलाय.